वारसा यादीतील इमारत: दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी मुंबईकराने काय करावे

गिरगाव, फोर्ट, माझगाव किंवा गावदेवी अशा जुन्या वस्तीत घर घेतलेल्या अनेकांना आपली इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे हे फार उशिरा कळते. तोपर्यंत कंत्राटदाराने परांची बांधलेली असते, दर्शनी भिंतीचा निम्मा गिलावा उतरलेला असतो आणि विभाग कार्यालयातून काम थांबवण्याची नोटीस हातात पडलेली असते. मग वारसा म्हणजे सरकारी जाच असा समज होतो आणि तो वर्षानुवर्षे जात नाही. खरे पाहता या नियमांचा सगळा जोर एकाच क्षणावर आहे: काम सुरू होण्यापूर्वी कोणीतरी लेखी परवानगी मागतो तो क्षण. तो क्षण साधला तर नियम इमारतीच्या आणि रहिवाशाच्याही बाजूने उभे राहतात. तो निसटला तर उतरवलेली सागवानी महिरप कोणत्याही समितीला परत आणून देता येत नाही. म्हणून नव्या रहिवाशाने, सोसायटीच्या नव्या पदाधिकाऱ्याने किंवा वारसाहक्काने घर मिळालेल्या मालकाने काय, कोणत्या क्रमाने करावे ते येथे मांडले आहे. विवेचन मुख्यतः बृहन्मुंबईचे आहे.

यादी म्हणजे काय, आणि संरक्षित स्मारक म्हणजे काय

या दोन गोष्टींची गल्लत जाणकार माणसेही करतात. घारापुरीची लेणी किंवा एखादा किल्ला हे केंद्राच्या 1958 च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक असते आणि त्याचा कारभार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण पाहते. राज्याने संरक्षित केलेल्या स्मारकांसाठी महाराष्ट्राचा 1960 चा स्वतंत्र कायदा आहे. केंद्रीय स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते.

महापालिकेची वारसा यादी ही याहून वेगळी व्यवस्था आहे. तिचा आधार पुरातत्त्वाचा कायदा नसून नगररचनेचा कायदा, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, हा आहे. शहराचा विकास आराखडा आणि त्याची नियमावली ज्या कायद्यातून येते त्याच कायद्यातून हे संरक्षणही येते, आणि त्यामुळेच ज्या घरात माणसे राहतात, चुली पेटतात, भाडी भरली जातात, खाली किराणा दुकान चालते, अशा जित्याजागत्या इमारतीही त्याच्या कक्षेत येऊ शकतात. मुंबईत हे प्रथम एप्रिल 1995 मध्ये घडले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत क्रमांक 67 चा नियम वारसा जतनासाठी अधिसूचित झाला आणि 600 हून अधिक नोंदींची यादी त्याला जोडली गेली. नगररचनेच्या नियमातून वारशाला असे संरक्षण देणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर. आज 1991 च्या नियमावलीची जागा विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 हिने घेतली असून तिच्यातील 52 वा नियम हे काम करतो. जुन्या कागदांवर 67 आणि नव्यांवर 52 दिसला तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

या स्थानिक नियमाचे वजन किती, याचे एक उदाहरण देतो. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या समूहात 94 इमारती आहेत आणि त्यांतील अनेक खासगी निवासी इमारती आहेत. युनेस्कोची मोहर कितीही मोठी असली तरी तेथील एखाद्या सोसायटीला गॅलरी बंद करायची असेल तर तिला अडवणारा किंवा वाट दाखवणारा नियम हा महापालिकेचाच आहे.

पहिली पायरी: आपली नोंद शोधणे

घराच्या करारनाम्यावरून मालमत्ता पत्रक काढावे आणि त्यावरचा सी. एस. क्रमांक, म्हणजे भूखंडाचा भूमापन क्रमांक, व भूमापन विभाग, उदाहरणार्थ गिरगाव, भुलेश्वर, फोर्ट, माझगाव, लिहून घ्यावा. त्या क्रमांकाच्या आधारे महापालिकेच्या विकास नियोजन खात्याकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्याचा अभिप्राय, मागवावा. भूखंडावरील आरक्षण, रस्तारेषा आणि वारसा नोंद या गोष्टी त्यात येतात. वारसा यादीशीही क्रमांक स्वतः ताडून पाहावा, कारण इमारतींची नावे बदलतात, रस्त्यांची नावे त्याहून अधिक बदलतात, आणि यादीत जुने नाव असल्यामुळे नोंद नजरेतून सुटते.

येथे तीन शक्यता असतात. इमारत स्वतः यादीत असेल. इमारत यादीत नसेल पण ती वारसा परिसरात येत असेल, जसे खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, बाणगंगा किंवा फोर्ट. किंवा दोन्ही नसेल. परिसरातल्या साध्या दिसणाऱ्या घराच्या मालकाला नियम आपल्याला लागू नाही असे वाटते, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. खोताच्या वाडीत मोल केवळ एका बंगल्याचे नसते. अरुंद गल्ली, तिच्यावर आलेले लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने आणि कौलांची एकसारखी उंची यांतून ती वाडी बनते. त्यातले एक घर चार मजले उंच झाले की शेजारच्या दहा घरांचे रूप बिघडते.

दुसरी पायरी: श्रेणीचा अर्थ

यादीतील प्रत्येक नोंदीपुढे श्रेणी असते. श्रेणी एकमध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या, शहराची ओळख ठरलेल्या वास्तू येतात; छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे ठळक उदाहरण. अशा वास्तूत आत किंवा बाहेर कोणताही फेरफार करायचा नाही. तिला बळकटी देण्यासाठी आणि तिचे आयुष्य वाढवण्यासाठी अपरिहार्य असेल तेवढाच, तोही कमीत कमी, बदल मान्य होतो.

श्रेणी दोन अ आणि दोन ब या प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंसाठी आहेत. दोन अ मध्ये अंतर्गत बदल आणि वास्तूचा नवा वापर सर्वसाधारणपणे मान्य होतो, पण बाह्यरूपावर कडक नियंत्रण असते. दोन ब मध्ये याशिवाय त्याच भूखंडावर जोडबांधकाम किंवा दुसरी इमारत करता येते. अट अशी की तिची उंची आणि दर्शनी रूप मूळ वास्तूशी जुळले पाहिजे. श्रेणी तीन ही नगररूपासाठी महत्त्वाच्या इमारतींची. तेथे आतले व बाहेरचे बदल बऱ्याच अंशी मान्य होतात आणि मोजक्या कारणांसाठी, म्हणजे इमारत असुरक्षित असणे, आगीसारखी आपत्ती येणे अशा प्रसंगी, पुनर्बांधणीचाही विचार होतो. दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासासाठी श्रेणी तीनला आणि परिसरांना वेगळ्या सवलती आहेत. त्या वेळोवेळी बदलल्या आहेत, म्हणून शेजारच्या इमारतीला दहा वर्षांपूर्वी काय मिळाले यावर विसंबू नये, चालू अधिसूचना वाचावी.

श्रेणीचा दुसरा परिणाम परवानगीच्या वाटेवर होतो. परवानगी देणारे प्राधिकारी प्रत्येक वेळी महापालिका आयुक्तच असतात; मुंबई वारसा जतन समिती, जिला सगळे हेरिटेज समिती म्हणतात, ही सल्ला देते. राज्य शासनाने नेमलेल्या या समितीत संरचना अभियंता, वास्तुविशारद, पर्यावरण आणि शहराचा इतिहास जाणणारे असे सदस्य असतात. श्रेणी एक आणि दोनच्या प्रस्तावांत समितीचा सल्ला निर्णायक ठरतो. आयुक्तांना तो अपवादात्मक परिस्थितीत डावलता येतो, पण त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार त्यांना हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. माझ्या मते संपूर्ण नियमातील सर्वात मोलाची ओळ हीच आहे, कारण लेखी कारण मागता येते, वाचता येते आणि न्यायालयात तपासता येते.

तिसरी पायरी: कशाला परवानगी लागते

मुंबईत साध्या डागडुजीला परवानगी लागत नाही हे सर्वांनाच ठाऊक असते. महापालिका अधिनियमाच्या कलम 342 मध्ये तशी मोकळीक आहे. यादीतील इमारतीसाठी मात्र वारसा नियमाची भाषा फार व्यापक आहे. विकास, पुनर्विकास, वाढीव बांधकाम आणि पाडकाम तर त्यात आहेच, पण दुरुस्ती, नूतनीकरण, रंगकाम, गिलावा आणि विशेष घटक बदलणे हेही आयुक्तांच्या पूर्वलेखी परवानगीखाली आणले आहे. रंगकामही, हे पुन्हा सांगतो, कारण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रंगाचा ठराव विनाचर्चा मंजूर होतो आणि पोरबंदरी दगडाच्या दर्शनी भागावर प्लास्टिक पेंट चढतो.

खिडक्यांना बाहेर आलेल्या लोखंडी जाळ्या, दर्शनी भिंतीवर टांगलेली वातानुकूलन यंत्रे, गॅलरीला बसवलेल्या सरकत्या काचा आणि दुकानांचे फलक या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण रस्त्यावरून इमारत दिसते ती यांच्याच मधून. दादाभाई नौरोजी मार्गावर 1990 च्या दशकाच्या अखेरीस फलकांसाठी आचारसंहिता आखली गेली. तोपर्यंत तेथील कमानींचे दगडी नक्षीकाम एकमेकांवर चढलेल्या जाहिरात-पाट्यांखाली गडप झाले होते. फलक कमानीच्या आत आणि ठरावीक आकारात बसवण्याचे ठरल्यावर दुकाने होती तेथेच राहिली आणि कमानी पुन्हा दिसू लागल्या.

विनापरवानगी काम झाले तर ते नगररचना अधिनियमाखाली अनधिकृत विकास ठरते. नोटीस देऊन ते काढायला लावण्याची आणि खटला भरण्याची तरतूद त्यात आहे. अपवाद जिवाच्या धोक्याचा. जिना खचला, गॅलरी झुकली तर आधी माणसे हलवावीत, टेकू लावावेत आणि त्याच दिवशी छायाचित्रांसह विभाग कार्यालयाला लेखी कळवावे. टेकू हा तात्पुरता आधार आहे. त्याच्या आडून गॅलरी कापून टाकण्याचे काम उरकू नये.

चौथी पायरी: अर्ज असा करावा की तो फिरून परत येऊ नये

सोसायटीने किंवा मालकाने वारसा कामाचा अनुभव असलेला वास्तुविशारद आणि संरचना अभियंता आधी नेमावा. अभियंत्याला चुना, वीट आणि लाकूड यांची ओळख आहे का, हे विचारून घेणे फार गरजेचे आहे. 30 वर्षांवरील इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार संरचनात्मक लेखापरीक्षण करावे लागते, आणि अनेक अहवालांत काँक्रीटसाठी असलेल्या हातोडा चाचणीचे आकडे विटांच्या भारवाहक भिंतींना लावलेले मी पाहिले आहेत. अशा आकड्यांवरून शंभर वर्षे ठणठणीत उभी असलेली भिंतही निकामी ठरू शकते. अशा इमारतीत लाकडी तुळयांची टोके भिंतीत कुजली आहेत का, वाळवी कोठवर पोचली आहे, लोखंडी गर्डरांचा गंज कमानींना फाडतो आहे का, हे पाहायचे असते.

अर्जासोबत मालकीचे कागद, सी. एस. नकाशा, डीपी रिमार्क आणि यादीतील नोंदीची प्रत लावावी. त्यानंतर येते खरे मोलाचे सामान: इमारतीची मोजून काढलेली चित्रे, प्रत्येक बाजूची छायाचित्रे, कोणता भाग किती बिघडला आहे हे दाखवणारा स्थिती-अहवाल, आणि प्रत्येक कामाची पद्धत सांगणारे टिपण. "दर्शनी भागाची दुरुस्ती" असे मोघम लिहिलेला प्रस्ताव स्पष्टीकरणासाठी परत येतो. याउलट दुसऱ्या मजल्यावरील पूर्वेकडच्या गॅलरीचे सातपैकी तीन सागवानी टोडे कुजले असून तेवढेच जुन्या सागातून त्याच मापाने घडवून बसवायचे आहेत, बाकीचे चार साफ करून तेल द्यायचे आहे, असे लिहिले की समितीसमोर बोलायला फारसे उरत नाही. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाशीही पत्रव्यवहार करावा लागतो. दोन्हीकडे एकच नकाशे आणि एकच वर्णन जाईल याची काळजी घ्यावी.

वेळेचा हिशेब पावसाळ्यावरून मांडावा. परवानगी हाती येऊन मे अखेरीपर्यंत गच्चीचे आणि पन्हळींचे काम संपायचे असेल तर अर्ज आदल्या पावसाळ्यातच तयार व्हायला हवा. गळती दिसतेही तेव्हाच.

साहित्याचा प्रश्न

परवानगीच्या अटींमध्ये मूळ साहित्य आणि मूळ पद्धत वापरण्याची अट हमखास असते. कंत्राटदार तिच्यावर नाके मुरडतात, म्हणून तिच्यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेला ओलावा तो हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा टणक, घट्ट थर दिला की ओल आतच कोंडते, क्षार विटेत साचतात आणि तीन-चार पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर विटेचा चेहराही सुटून येतो.

आम्ही राहतो त्या गिरगावातील इमारतीत हे माझ्या डोळ्यांसमोर घडले. मागच्या बाजूची एक पर्जन्यवाहिनी सांध्यावर फुटली होती. भिंतीवर हिरवट ओघळ दिसू लागला, फटीत पिंपळ उगवला, आणि कंत्राटदाराने पिंपळ उपटून त्यावर सिमेंट लिंपले. रोप उपटल्याने मुळे आतच राहिली. दोन वर्षांनी तो लिंपलेला तुकडा परातीएवढा फुगून सुटला आणि त्याच्या आतल्या बाजूला बोटभर जाड मूळ सापडले. विटा हाताने कुसकरल्या जात होत्या. पुढे योग्य कारागीर मिळाला. त्याने आधी वाहिनी बदलली, भिंत पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायला लावले, मुळे भिंतीतून कोरून काढली, बिघडलेल्या विटा बदलल्या आणि भिजवून मुरवलेल्या चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळून थरावर थर दिला. प्रत्येक थर दिवसचे दिवस ओला ठेवावा लागला. सगळा खर्च एका बिघडलेल्या सांध्यातून सुरू झाला होता.

दगडाबाबतही असेच जपावे लागते. मुंबईतील काळा बेसाल्ट फार टणक आहे, पण पोरबंदरी चुनखडक आणि मालाडचा पिवळसर दगड त्याहून मऊ असतात. वाळूचा फवारा मारून ते साफ केले की काजळीबरोबर नक्षीची धारही जाते आणि उघडा पडलेला पृष्ठभाग अधिक लवकर झिजतो. मऊ ब्रश, कमी दाबाचे पाणी आणि भरपूर वेळ, एवढेच पुरते. आर्ट डेको इमारतींचे दुखणे निराळे. त्या काँक्रीटच्या आहेत, समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यांच्या आतल्या सळया गंजतात, आणि गोलाकार गॅलऱ्या व खिडक्यांवरच्या पातळ छज्ज्यांना आधी तडे जातात. दुरुस्तीनंतर छज्जा जाड आणि सरळ झाला तर इमारत मजबूत होईल, पण तिचा वळसा हरवेल; मूळ वक्राचा साचा पाडकामापूर्वी काढून ठेवावा.

इमारत धोकादायक ठरवली गेली तर

नियमांची सर्वात दुबळी बाजू येथे आहे. यादी इमारत सहजासहजी पाडू देत नाही, पण ती कोणाला दुरुस्ती करायलाही लावू शकत नाही. भाडे नाममात्र, मालकाला रस नाही, भाडेकरूंकडे पैसा नाही किंवा एकमत नाही, आणि पाणी मात्र दर पावसाळ्यात आत शिरते. काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शन पाहावे. इंग्लंडमध्ये घडवलेला ओतीव लोखंडाचा सांगाडा येथे आणून 1860 च्या दशकात ती उभी राहिली. वॉटसन हॉटेल म्हणून ती गाजली आणि 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र भारतात प्रथम तेथे दाखवले गेले. श्रेणी दोन अ मिळूनही ती खंगत गेली, 2005 मध्ये तिचा काही भाग कोसळला, आणि 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली. तेव्हा एका तज्ज्ञ अहवालाने ती पाडावी असे सुचवले आणि नंतरच्या अहवालाने ती दुरुस्त होऊ शकते असे सांगितले.

म्हणून महापालिका अधिनियमाच्या कलम 354 खाली नोटीस आली आणि इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक, वर्गात टाकली गेली तर घाबरून सही करू नये आणि नोटिशीकडे दुर्लक्षही करू नये. राहणे खरोखर धोक्याचे असेल तर बाहेर पडावे. त्याच वेळी वारसा इमारतींची जाण असलेल्या अभियंत्याकडून दुसरे लेखापरीक्षण करून घ्यावे. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येते. इमारत यादीत असल्याची नोंद प्रत्येक पत्रात ठळकपणे करावी. आणि भाडेकरूंनी घर सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्रफळाची अधिकृत मोजणी व प्रमाणपत्र घेतल्याशिवाय चावी देऊ नये.

मालकाला काय मिळते

मालकाने इमारत सांभाळायची आणि त्याच्या भूखंडावर वाढीव बांधकाम मात्र होऊ द्यायचे नाही, हा एकतर्फी सौदा ठरेल. नियमाने याची दखल घेतली आहे. वारसा निर्बंधामुळे जे बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्या भूखंडावर वापरता येणारे बांधकामाचे हक्क, मिळू शकतात. ते विकून आलेला पैसा दुरुस्तीला लावता येतो. निवासी विभागातील यादीतल्या वास्तूचा मालक ती आहे त्या रूपात जपण्याची लेखी हमी देत असेल तर तिचा काही भाग किंवा संपूर्ण वास्तू कार्यालय, व्यापार किंवा हॉटेलसाठी वापरण्यास, समितीच्या संमतीने, मुभा मिळू शकते. हे लाभ आपोआप पदरात पडत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि पैसा आला की दुरुस्ती होईलच असेही नाही. सोसायटीने ठरावातच तो पैसा दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात जाईल असे नमूद करून घ्यावे.

वापरात असलेली वास्तू टिकते याची साक्ष गिरगावच्या टोकाला उभी आहे. रॉयल ऑपेरा हाऊस 1993 मध्ये बंद पडले आणि दोन दशकांहून अधिक काळ बंदच होते. बारकाईने केलेल्या जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये त्याचे दरवाजे पुन्हा उघडले, ते नाट्यगृह म्हणूनच.

यादीत नसलेली इमारत, आणि मुंबईबाहेरच्या गावी

आपल्या वाडीतील एखादी वास्तू यादीत असायला हवी असे वाटत असेल तर तिची छायाचित्रे, बांधकामाचा काळ सांगणारे कागद, जुने नकाशे आणि तिच्याशी निगडित घटना यांचे टिपण करून महापालिकेकडे द्यावे. यादीत भर घालण्यापूर्वी किंवा तीतून नाव वगळण्यापूर्वी लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. नाव वगळण्याच्या सूचनेवर हरकत घेणारा एकही रहिवासी नसेल तर समितीकडे बोलण्यासारखे काही उरत नाही, म्हणून वर्तमानपत्रातील जाहीर सूचना वाचण्याची सवय लावून घ्यावी.

पुणे आणि नागपूर या शहरांतही वारसा यादी व श्रेणी आहेत, आणि मुंबईबाहेर लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. पेठेतल्या वाड्याच्या मालकानेही क्रम हाच ठेवावा: आधी नोंद, मग श्रेणी, मग अर्ज.

काम पूर्ण झाले की एक शेवटची गोष्ट करावी. मंजूर नकाशे, परवानगीपत्र, कामापूर्वीची, चालू असतानाची आणि नंतरची छायाचित्रे, चुना-सुरखीचे वापरलेले प्रमाण, लाकूड कोठून आणले आणि कोणत्या कारागिराने बसवले, हे सारे एका फायलीत लावून ती सोसायटीच्या कपाटात ठेवावी आणि तिची एक प्रत इमारतीबाहेर राहणाऱ्या एखाद्या सभासदाकडे द्यावी. आमच्या इमारतीत 1950 च्या दशकातील दुरुस्तीचे एकच बिल सापडले. त्यावर गॅलरीच्या कठड्याच्या नक्षीचे पेन्सिलने काढलेले छोटे चित्र होते आणि त्याच चित्रावरून सुताराने हरवलेले दोन खांब पुन्हा घडवले.